साडेतीनमधील अर्धे

संख्यांना पावित्र्य वा अशुभत्व कसे प्राप्त झाले याविषयीच्या उपपत्ती बहुधा एकाच उगमाच्या शोधात असतात. मराठीतील ‘साडेतीन’विषयी हा उगम ओंकारात दाखवला जातो. अ, उ, म या तीन मात्रा आणि वरची अर्धमात्रा. कुंडलिनीची वेटोळी साडेतीन. म्हणून मुहूर्त साडेतीन, म्हणून कोल्हापूर, तुळजापूर, माहूर आणि अर्धे वणीचे अशी शक्तिपीठेही साडेतीनच. प्रबंधिकांतून ही साखळी इतक्या निःशंकपणे येते की तिच्यातील ‘म्हणून’ या शब्दाचा पुरावा कोणी मागत नाही. मुळात उगमही स्थिर नाही. मांडूक्योपनिषदातील चौथा पाद ‘अमात्र’ आहे, मापाच्याच बाहेरचा. अर्धमात्रा येते ती अन्य उपनिषदांतून.

या उपपत्तीची खरी अडचण लौकिक संहितांपाशी होते. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे, विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे आणि नाना फडणवीस अर्धा, कारण त्याच्या मुत्सद्देगिरीला तलवारीची जोड नव्हती, असे स्पष्टीकरण रूढ आहे. येथे ओंकार कोठे आहे? विठ्ठल सुंदर १७६३ मध्ये राक्षसभुवनच्या लढाईत मारला गेला. १७४२ साली जन्मलेला नाना तेव्हा अवघा एकवीस वर्षांचा होता. याचा अर्थ, ही यादी समकालीनांनी केलेली मोजदाद नसून मागे वळून पाहताना रचलेली एक संहिता आहे. चार माणसे हाताशी असताना चार न म्हणता साडेतीन म्हणणे ही रचनाकाराची निवड आहे आणि समीक्षेचा विषय हीच निवड असायला हवी. पवित्र साच्याचे हे लौकिक अनुकरण आहे असे फार तर म्हणता येईल. परंतु मग अनुकरण झाले ते साच्याचे, त्यातील तत्त्वज्ञानाचे नव्हे.

हा साचा कसा चालतो हे पाहण्यासाठी भाषेकडेच वळावे लागते. साडेतीनसाठी जुन्या मराठीत ‘औट’ हा शब्द आहे. तो संस्कृत ‘अर्धचतुर्थ’पासून प्राकृत ‘अद्धुट्ठ’मार्गे आला. अर्धचतुर्थ म्हणजे ज्यातील चौथा अर्धा आहे ते. ‘साडे’ मात्र ‘सार्ध’पासून आलेला: अर्ध्यासह तीन. एक शब्द चाराकडून खाली पाहतो, दुसरा तिनाकडून वर. एकाच्या दृष्टीने अर्धे हे उणे, दुसऱ्याच्या दृष्टीने अधिक. हे मूल्य गूढविद्येपुरते राखीव होते असेही नाही. जुन्या शाळांतून पावकी-निमकीबरोबर औटकीही घोकून घेतली जाई. देहाचे माप औट हात, शेवटी लागणारी जमीनही साडेतीन हातच. आणि ‘औट घटकेचे राज्य’ म्हणताना तर चोवीस मिनिटांच्या घटकेने अवघी चौऱ्याऐंशी मिनिटे मोजली जातात. तेथे पावित्र्याचा लवलेश नसून उपहास आहे.

पाश्चात्त्य संख्यामीमांसा येथे अर्धीच उपयोगी पडते. हर्मान उसेनर याने १९०३ मध्ये असे मांडले की आदिम मोजणी तिनापाशी संपत असल्याने तीन हे समग्रतेचे चिन्ह झाले. अ‍ॅलन डंडीस याने १९६८ मध्ये अमेरिकी संस्कृतीतील तिनाचा अभ्यास करून, त्रिविधता वस्तूंत नसून संस्कृतीने शिकवलेल्या दृष्टीत असते, असे दाखवले. डंडीसचे म्हणणे मला अधिक ग्राह्य वाटते. समग्रतेला अर्धे जोडण्याची गरज का भासावी, याचे उत्तर उसेनरकडे मिळत नाही. दानीएलच्या ग्रंथात आणि प्रकटीकरणात हेच साडेतीन छळाचा काळ मोजते. तेथील बेचाळीस महिने वा १२६० दिवस म्हणजे साडेतीन वर्षेच. ते साताचे अर्धे आहे, पूर्णत्व मधोमध मोडलेले. संख्या तीच, पण घडण वेगळी, म्हणून तिचा भाव अशुभाकडे झुकतो. आपल्याकडील साडेसातीचे अशुभत्व तर शनीच्या तीन राशींतील प्रत्येकी अडीच वर्षांच्या गणितातून आलेले आहे. साडेतीनच्या पावित्र्याशी त्याचे नाते जोडणे हा केवळ ‘साडे’चा मोह होय.

अ‍ॅक्सेल ओल्रिक याने १९०९ मध्ये लोककथेच्या नियमांत तिनाच्या नियमाबरोबर आणखी एक सांगितला: मालिकेत भार शेवटच्यावर पडतो. मराठी यादीत शेवटी अर्धा येतो आणि वाद त्याच्याभोवतीच होतो. पूर्ण शहाण्यांची नावे आज शालेय पुस्तकाबाहेर फारशी उच्चारली जात नाहीत. नाना मात्र नाटकांतून, बखरींतून, म्हणींसारख्या वाक्प्रयोगांतून बोलतच राहिला. दिवाळीच्या पाडव्याला खरेदी करणारा कोणीही तो दिवस निम्म्यानेच शुभ मानत नाही. सप्तशृंगीचा गड चढणारा भक्त अर्ध्या पीठाला जात नसतो. ‘अर्धे’ हा निर्णय यादी करणाऱ्याचा, आणि तो यादीतच राहतो. ओंकाराची उपपत्ती हा निर्णय विश्वरचनेच्या माथी मारते आणि यादी कोणी केली, कोणत्या पीठाच्या बाजूने केली, हा प्रश्न विचारण्याची सोयच उरत नाही. वणीच्या बाबतीत तो अजून विचारायचा आहे: तिथले अर्धे ‘औट’मधले आहे की ‘साडे’मधले?