नाव असलेले चेहरे

1856 साली लंडनमध्ये नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीची स्थापना झाली, तेव्हा तिच्या विश्वस्तांनी स्वतःला एक नियम घालून घेतला. चित्र विकत घेताना किंवा देणगी म्हणून स्वीकारताना चित्रकाराच्या गुणवत्तेपेक्षा चित्रित व्यक्तीची कीर्ती पाहावयाची. आणि त्या व्यक्तीच्या हातून मोठे प्रमाद घडले असले तरी तेवढ्यावरून तिला दार बंद करावयाचे नाही. चित्रांच्या संग्रहालयाने चित्रकलेकडे असा काणाडोळा करावा हे विलक्षणच म्हटले पाहिजे. पण या संस्थेचा पाया चित्रकारांनी घातला नव्हता. तिची कल्पना दहा वर्षे संसदेत लावून धरणारे लॉर्ड स्टॅनहोप इतिहासकार होते. त्यांच्या पाठीशी उभे राहिलेले मेकॉले आणि कार्लाइल हेही इतिहासकार. या तिघांचे अर्धपुतळे गॅलरीच्या मूळ प्रवेशद्वारावर आहेत. एका व्यक्तिचित्रातून जे कळते ते पाच-सहा चरित्रे वाचूनही कळत नाही, अशी कार्लाइलची श्रद्धा होती. चित्र हे त्यांच्या लेखी चरित्राला लागणारा पुरावा होते.

या नियमाची गंमत अशी, की संग्रहातील पहिल्याच चित्राने त्याला अडचणीत आणले. क्रमांक एकवर नोंदलेले ‘चँडोस’ नावाने ओळखले जाणारे शेक्सपिअरचे व्यक्तिचित्र कोणी काढले याची खात्री देता येत नाही. आणि ते शेक्सपिअरचेच आहे काय, यावरही विद्वानांत वाद आहे. कर्ता संदिग्ध आणि विषयही संदिग्ध. उरते ते फक्त नाव. ते नाव मात्र इतके भारदस्त की पाहणाऱ्याला त्या सावळ्या, कानात बाळी घातलेल्या गृहस्थाच्या चेहऱ्यात नाटककार दिसू लागतो. चेहऱ्यावरून माणूस ओळखावा ही कार्लाइलची अपेक्षा. इथे माणसाच्या नावावरून चेहरा वाचला जातो.

दुसरा नियम मृत्यूचा होता. राजघराणे सोडल्यास हयात व्यक्तीचे चित्र स्वीकारायचे नाही, मृत्यूनंतर दहा वर्षे थांबायचे. भिंतीवरच्या फोटोला चंदनाचा हार घालणाऱ्या घरांत वाढलेल्या भारतीय वाचकाला यात नवल वाटणार नाही; भिंतीवर जागा मिळते ती माणूस गेल्यावर, हे त्याला ठाऊक आहे. लंडनमध्ये हा नियम 1969 पर्यंत टिकला.

खरा प्रश्न छायाचित्राचा आहे. गॅलरी स्थापन झाली ती ओल्या काचेवर छायाचित्रे घेण्याच्या भरभराटीच्या काळात. छायाचित्र हे यंत्राचे काम, त्यात कलावंताचा हात नाही, असा त्या काळचा सर्वसाधारण समज. तो प्रमाण मानला तर कलागुण बाजूस ठेवणाऱ्या या संस्थेने छायाचित्राचे सर्वांआधी स्वागत करायला हवे होते. हुबेहूब चेहरा हवा, कर्ता नको, या मागणीला याहून सोयीचे साधन कोणते? तरीही तैलचित्राशेजारी त्याला बरोबरीचे स्थान मिळायला शंभराहून अधिक वर्षे गेली. 1917 पासून नामवंतांची छायाचित्रे घेऊन ठेवण्याचा राष्ट्रीय उपक्रम गॅलरीसाठी चालला. वॉल्टर स्टोनमन यांनी त्यासाठी हजारो माणसे कॅमेऱ्यासमोर बसवली. पण ही छायाचित्रे दप्तरातली, भिंतीवरची नव्हेत. यावरून असे दिसते की विश्वस्तांचा नियम त्यांनी मांडला तितका निखळ कधीच नव्हता. कर्त्याची गुणवत्ता त्यांनी बाजूस ठेवली, तैलरंगाची प्रतिष्ठा मात्र ठेवली नाही. चेहरा कोणाचा याबरोबरच तो कोणत्या द्रव्यात उतरला आहे, यावरही मान ठरत होता.

हे चित्र पालटले ते रॉय स्ट्राँग यांच्या संचालकपदाच्या काळात. 1968 साली त्यांनी सेसिल बीटन यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवले. ब्रिटनच्या राष्ट्रीय संग्रहालयाने हयात छायाचित्रकाराला दिलेला हा पहिलाच असा मान, आणि लोकांनी त्यासाठी रांगा लावल्या. पुढे 1972 साली छायाचित्र व चित्रपट यांचा स्वतंत्र विभाग निघाला. आज संग्रहातील छायाचित्रांची संख्या अडीच लाखांवर आहे. रंगचित्रे तिच्यापुढे मूठभर वाटावीत. बीटन यांच्या कामात मात्र मखर फार आणि माणूस थोडा. गॅलरीच्या छायाचित्रसंग्रहाची खोली मोजायची तर एक शतक मागे, ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्याकडेच जावे लागते.

कॅमेरॉन यांचा जन्म 1815 सालचा, कलकत्त्याचा. पती चार्ल्स हे कायदेपंडित. भारताच्या विधी आयोगावर त्यांनी मेकॉले यांच्यासह काम केले होते. म्हणजे ज्या मेकॉलेंनी पुढे इंग्लंडच्या थोरांच्या चेहऱ्यांसाठी घर बांधायला हातभार लावला, त्यांच्याच कलकत्त्याच्या वर्तुळातली ही बाई. 1863 च्या अखेरीस, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मुलीने भेट दिलेला कॅमेरा तिच्या हाती आला. तोवर कुटुंब आइल ऑफ वाइट बेटावर स्थायिक झाले होते. कोळशाची खोली ही अंधारखोली झाली आणि कोंबड्यांचे काचा बसवलेले खुराडे हा स्टुडिओ. शेजारी टेनिसन राहत असत. त्यांच्याकडे आलेला कोणीही पाहुणा या खुराड्यातून सुटत नसे.

पुढची काही वर्षे या बाईंनी जे केले त्याला धंदेवाईक छायाचित्रकारांनी नावे ठेवली. चित्रे अस्पष्ट, काचेवर बोटांचे ठसे, रसायनांचे ओघळ. आक्षेप खोटे नव्हते. पण भिंग फिरवताना रेषा पुरती ठळक होण्याआधीच त्या थांबत, कारण त्यांना हवे ते तिथेच दिसत असे. त्यांच्या मोठ्या काचांवर चेहरा उमटायला कित्येकदा मिनिटे लागत. एवढा वेळ कोणताही माणूस चेहऱ्यावर मुखवटा धरून राहू शकत नाही. नट असला तरी नाही. श्वास चालतो, पापणी लवते, ऐट गळून पडते. त्या अस्पष्टतेत साठलेला असतो तो हा वेळ. 1867 मधले सर जॉन हर्शेल यांचे चित्र पाहावे. छायाचित्र पक्के करण्याचे रसायन ज्यांनी 1839 साली सुचवले, तेच हे वैज्ञानिक. पांढरे केस पिंजारलेले, भोवती काळोख, आणि डोळ्यांत कीर्तीचा मागमूस नाही. आहे ते फार पाहून झाल्यानंतरचे थकलेले कुतूहल. त्याच वर्षी कार्लाइल त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसले. आलेले चित्र त्यांना भयंकर कुरूप आणि उदास वाटले. पण त्यात आपण थोडेफार आहोत, हे त्यांनी मान्य केले. चित्राने चरित्राला उजळावे असे म्हणणाऱ्यास आपला चेहरा असा उजळलेला पाहवला नाही, हा न्याय काव्यात्मच म्हणावा. कॅमेरॉन यांनी हर्शेलना भेट दिलेला छायाचित्रांचा संग्रह 1975 साली देशाबाहेर जाऊ लागला, तेव्हा गॅलरीने लोकवर्गणी करून तो राखला. दप्तरातल्या पुराव्यासाठी कोणी वर्गणी देत नाही.

मात्र या थोर कामातही एक भेद आहे आणि तो नजरेआड करणे योग्य नव्हे. कॅमेरॉन यांच्या पुरुषांना नावे आहेत: हर्शेल, डार्विन, टेनिसन. स्त्रियांना बहुधा भूमिका आहेत. घरातली मोलकरीण मेरी हिलिअर वारंवार कॅमेऱ्यासमोर आली ती मातृदेवता मेरी होऊन. भाची ज्युलिया जॅक्सन, पुढे व्हर्जिनिया वुल्फची आई झालेली, हा ठळक अपवाद. तिच्या चेहऱ्याला कोणतीही पौराणिक झूल लागत नाही, आणि ती चित्रे म्हणूनच श्रेष्ठ आहेत. मेरी हिलिअरची चित्रे सुंदर आहेत, पण त्यांत सौंदर्याच्या मोबदल्यात एक माणूस खर्ची पडले आहे.

गॅलरीलाही अलीकडे हा हिशेब चुकता करावासा वाटला. तीन वर्षांच्या नूतनीकरणानंतर जून 2023 मध्ये ती पुन्हा उघडली. इमारतीच्या दर्शनी भिंतीवर दगडात कोरलेले सगळे चेहरे पुरुषांचे. म्हणून नव्या दारांवर ट्रेसी एमिन यांनी काढलेले 45 स्त्रियांचे चेहरे कांस्यात ओतून बसवले आहेत. त्या कोणी विशिष्ट स्त्रिया नव्हेत. कोणत्याही काळातील कोणतीही स्त्री त्यांत असावी असा हेतू आहे. हेतू उदार आहे. पण वर पुरुष नावानिशी आणि खाली स्त्रिया सर्वसामान्य, ही मांडणी मेरी हिलिअरच्या वेळच्या मांडणीहून फार दूर गेलेली नाही. त्यापेक्षा आतली दोन छायाचित्रे अधिक काही सांगतात. एक 1930 सालचे, लाफायेत स्टुडिओने घेतलेले कॉर्नेलिया सोराबजी यांचे. नाशिकला जन्मलेल्या या विदुषीने ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा 1892 साली दिली. स्त्रियांना पदव्या देणे सुरू झाल्यावर, 1922 साली, ती पदवी तिला मिळाली. दुसरे 2018 मधले, शिरीन नेशात यांनी घेतलेले मलाला युसुफझाई यांचे, ज्यावर पुश्तू कविता सुलेखनात उतरवली आहे. दोघीही दुसऱ्या कोणाच्या भूमिकेत नाहीत.

नाव न देण्याची आणखी एक तऱ्हा आहे आणि तिचा संबंध भारताशी आहे. लंडनमधली गॅलरी थोरांचे चेहरे जमवत होती त्याच काळात, 1868 ते 1875 या वर्षांत, फोर्ब्स वॉटसन आणि के यांनी संपादिलेले ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड तिथेच प्रसिद्ध झाले. त्यांतही छायाचित्रेच आहेत, समोर बसलेली माणसेच आहेत. परंतु बहुतेक चित्रांखाली माणसाच्या नावाऐवजी जात, जमात वा धंदा लिहिलेला आणि सोबत स्वभावाचा शेरा. एकाच साधनाचे हे दोन उपयोग: तिकडे चेहरा एका माणसाचा, इकडे नमुन्याचा. 1869 साली लंडनमध्ये सय्यद अहमद खान यांनी हे पुस्तक पाहिले. ते चाळणाऱ्या त्यांच्या मुलाला एका तरुण इंग्रजाने विचारले, तुम्ही हिंदुस्थानी काय? होय म्हणताना मुलगा लाजेने लाल झाला आणि आपण त्यांतले नव्हे, असे घाईने सांगू लागला. हा प्रसंग सय्यद अहमद यांनीच पत्रातून कळवला आहे. चित्रातल्या माणसांना नावे असती तर त्या मुलाला आपण त्यांतले नव्हे असे म्हणावेच लागले नसते.

कॅमेरॉन पतिपत्नी 1875 साली सिलोनला गेली. तिथे त्यांनी काढलेल्यांपैकी तिसाहून कमी छायाचित्रे आज शिल्लक आहेत. भिंग तेच, सैलावलेली नजर तीच, वेळ तेवढाच. 1878 च्या एका चित्रात कलुताराचे शेतकरी आहेत: एक म्हातारा आणि त्याच्याजवळची मुले माणसे. हर्शेलसमोर ज्या धीराने कॅमेरा उभा होता त्याच धीराने तो इथेही उभा आहे, आणि म्हाताऱ्याचा चेहरा हर्शेलइतकाच पाहून झालेला. चित्राखाली कॅमेरॉन यांनी टीप लिहिली आहे. मुलगी बारा वर्षांची, म्हातारा आपण तिचा बाप असल्याचे सांगतो आणि आपले वय शंभर असल्याचे म्हणतो. बाईंनी एवढे विचारले, त्याने एवढे सांगितले, त्यांनी ते लिहून ठेवले. नाव तेवढे विचारलेले दिसत नाही.