सेंद्रिय प्रकाश-उत्सर्जक द्रव्ये : कार्यक्षमतेच्या निकषाची चिकित्सा

सेंद्रिय द्रव्यांतून विजेच्या साहाय्याने प्रकाश मिळविण्याच्या संशोधनास १९८७ पासून खरी गती आली. ईस्टमन कोडॅक कंपनीतील चिंग टँग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी त्या वर्षी दोन अतिशय पातळ सेंद्रिय थर एकमेकांवर बसवून १० व्होल्टपेक्षा कमी दाबावर दर चौरस मीटरला १००० कॅन्डेलाहून अधिक तेजस्विता मिळवून दाखविली. बाह्य क्वांटम कार्यक्षमता तेव्हा जेमतेम १ टक्का होती. पुढे या विषयावर विपुल लेखन झाले. परंतु त्यातील मोठ्या भागात द्रव्याची योग्यता कमाल कार्यक्षमता या एकाच आकड्यावर ठरविली जाते. हा निकष कितपत पुरेसा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या आकड्याला महत्त्व येण्याचे कारण सैद्धांतिक आहे. इलेक्ट्रॉन व होल एकत्र येऊन तयार होणाऱ्या एक्सायटॉनांपैकी सुमारे २५ टक्के सिंग्लेट आणि ७५ टक्के ट्रिप्लेट असतात. साध्या फ्लुरोसेंट द्रव्यात ट्रिप्लेटची बहुतेक ऊर्जा प्रकाश न देताच वाया जाते. १९९८ मध्ये बाल्डो, थॉम्पसन, फॉरेस्ट व सहकाऱ्यांनी प्लॅटिनमयुक्त द्रव्य वापरून ट्रिप्लेटपासूनही प्रकाश मिळविला आणि इरिडियमच्या संयुगांमुळे २००१ पर्यंत अंतर्गत कार्यक्षमता १०० टक्क्यांच्या जवळ पोहोचली. इरिडियम अत्यंत दुर्मीळ धातू आहे. २०१२ मध्ये जपानमधील क्युशू विद्यापीठातील अदाची यांच्या गटाने जड धातूशिवाय, केवळ सभोवतालच्या उष्णतेच्या बळावर ट्रिप्लेटचे सिंग्लेटमध्ये रूपांतर घडविले. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही कामगिरी निःसंशय थोर होय.

मात्र अंतर्गत १०० टक्के म्हणजे डोळ्यापर्यंत पोहोचणारे १०० टक्के नव्हेत. सेंद्रिय थरांचा अपवर्तनांक सुमारे १.७ ते १.८, काचेचा सुमारे १.५ आणि हवेचा १ असतो. पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे सपाट रचनेतून साधारण २० टक्केच प्रकाश बाहेर पडतो. उरलेला थरांत व काचेत अडकतो अथवा धातूच्या इलेक्ट्रोडपाशी नष्ट होतो. ही अडचण रेणू बदलून फारशी सुटत नाही.

त्याहून गंभीर प्रश्न निळ्या रंगाचा आहे. निळ्या फोटॉनची ऊर्जा सुमारे २.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते आणि सेंद्रिय रेणूंतील दुर्बल बंध तोडण्यास लागणारी ऊर्जा तिच्याहून फार अधिक नसते. फॉस्फोरेसेंट द्रव्यात ट्रिप्लेट काही मायक्रोसेकंद टिकून राहतो. तेवढ्यात त्याची गाठ दुसऱ्या ट्रिप्लेटशी किंवा विद्युतभाराशी पडली, की दोघांची ऊर्जा एकाच रेणूवर येते आणि रेणू तुटतो. ट्रिप्लेटचा जो उपयोग कार्यक्षमता वाढवितो, तोच आयुष्य घटवितो! याच कारणामुळे मोबाइलच्या पडद्यांत लाल व हिरवी द्रव्ये फॉस्फोरेसेंट झाल्यानंतरही निळ्यासाठी अनेक वर्षे कमी कार्यक्षम फ्लुरोसेंट द्रव्यच वापरले गेले. अनेक पडद्यांत निळा उपबिंदू मुद्दाम मोठा ठेवतात. त्यामुळे त्यातील विद्युतप्रवाहाची घनता कमी राहून त्याचे आयुष्य वाढते. बाजाराने अशा रीतीने टिकाऊपणासाठी कार्यक्षमतेचा त्याग केला, ही बाब शोधनिबंधांच्या प्रस्तावनांत क्वचितच आढळते.

आयुष्याचे आकडेही सावधपणे वाचावे लागतात. तेजस्विता निम्म्यावर येईपर्यंतचा काळ देणे आणि ती ९५ टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ देणे यांत फार मोठा फरक आहे. पडद्याच्या दृष्टीने दुसराच काळ महत्त्वाचा, कारण एक रंग थोडासा जरी फिका पडला तरी चित्राचा तोल बिघडतो. कमाल कार्यक्षमता तर पुष्कळदा इतक्या मंद प्रकाशात मोजलेली असते की त्या प्रकाशात खोली उजळणार नाही. १००० कॅन्डेलापर्यंत ती किती घसरते, हा खरा प्रश्न होय.

दीपनाच्या क्षेत्रात या निकषाची मर्यादा उघड झाली. २००९ मध्ये ड्रेस्डेन येथील गटाने पांढऱ्या सेंद्रिय डायोडपासून दर वॅटला ९० ल्युमेन, म्हणजे फ्लुरोसेंट नळीच्या तोडीची कार्यक्षमता मिळविली. तरीही फिलिप्सने २०१५ मध्ये आपला सेंद्रिय दीपनाचा व्यवसाय विकला आणि एलजी डिस्प्लेने २०२० मध्ये या क्षेत्रातून माघार घेतली. असेंद्रिय एलईडी तोवर कितीतरी स्वस्त व टिकाऊ झाले होते. भारतात २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतून घरोघरी गेले ते हेच दिवे. पडद्याचे गणित निराळे : तेथे ग्राहक ल्युमेनसाठी नव्हे, तर गडद काळा रंग, पातळपणा आणि घडी घालता येणारा पृष्ठभाग यांसाठी पैसे मोजतो.

या पार्श्वभूमीवर एका प्रकारच्या निबंधांकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. द्रव्याचे संश्लेषण करावयाचे, अतिनील प्रकाशाखाली त्याच्या भुकटीचा किंवा द्रावणाचा वर्णपट घ्यावयाचा आणि शीर्षकात मात्र 'दीपनासाठी कार्यक्षम द्रव्य' असे लिहावयाचे, ही पद्धत रूढ झाली आहे. अशा निबंधात डायोड तयार केलेलाच नसतो. विरल द्रावणात उत्तम चकाकणारा रेणू घन थरात शेजारच्या रेणूंमुळे मंदावू शकतो आणि विद्युतभार वाहून नेण्याची त्याची क्षमता वर्णपटावरून कळत नाही. निर्वात बाष्पीभवनाची यंत्रणा प्रत्येक महाविद्यालयास परवडणारी नाही, हे मान्यच आहे. परंतु द्रावणाचा पातळ थर काचेवर फिरवून पसरविणे, त्याचा वर्णपट घेणे आणि सतत प्रकाश पाडून तो किती तासांत फिका पडतो हे नोंदविणे साध्या प्रयोगशाळेतही शक्य असते. डायोड नसला तरी एवढी नोंद त्या रेणूविषयी द्रावणाच्या वर्णपटापेक्षा पुष्कळ अधिक सांगून जाते.