लार्किनच्या ऑफिसातली खुर्ची

जुन्या कंपनीच्या मुख्यालयावर वाचायला घेतलंत की साधारण दोन प्रकारचं लेखन हाती लागतं. एक, वास्तुरचनाकाराचा गौरव. दुसरं, कंपनीचं स्वतःचं कौतुक. संशोधनाला विषय म्हणून इमारत घेणार असाल, तर या दोन्हींमध्ये आपण कुठे उभं राहायचं हे आधी ठरवावं लागतं. आज त्यासाठी एकच उदाहरण घेते: अमेरिकेतल्या बफेलो शहरातली लार्किन कंपनीची प्रशासकीय इमारत. फ्रँक लॉइड राइट यांची, 1906 साली पूर्ण झालेली.

जॉन लार्किन यांनी 1875 मध्ये साबणाचा कारखाना काढला. पुढे मधले व्यापारी वगळून, टपालाने थेट घरोघरी माल विकायचा आणि सोबत भेटवस्तू द्यायच्या, असा धंदा जमला. आता टपालाने धंदा म्हणजे काय, तर पत्रं. ती फोडायची, वाचायची, नोंदवायची, उत्तर लिहायचं, जपून ठेवायचं. साबण कारखान्यात होत होता, पण कंपनी चालत होती ती कागदावर. म्हणून ही इमारत मला ऑफिसपेक्षा पत्रांचा कारखानाच वाटते, आणि ती तशीच वाचायला हवी.

रचना समजायला आपल्या वाड्याचा चौक डोळ्यांसमोर आणा. फक्त वर आकाशाऐवजी काचेचं छप्पर, भोवती मजल्यामजल्याचे सज्जे, आणि तुळशीवृंदावनाच्या जागी टेबलांच्या रांगा. जिने मुख्य इमारतीतून काढून कोपऱ्यांतल्या विटांच्या मनोऱ्यांत टाकलेले. आजूबाजूला रेल्वे आणि कारखाने, म्हणजे धूर आणि काजळी. त्यामुळे खिडक्या बंद, आणि हवा वरून आत ओढून, स्वच्छ करून खेळवलेली. रसेल स्टर्जिस या समीक्षकाने 1908 मध्ये या इमारतीला चक्क कुरूप म्हटलं होतं. पुढे तीच आधुनिक वास्तुकलेच्या प्रत्येक इतिहासात जाऊन बसली.

राइट यांनी आत्मचरित्रात या इमारतीच्या नावावर बरेच ‘पहिले’ मान लावले आहेत. वातानुकूलन हा त्यातलाच. रेनर बॅनहॅम यांनी 1969 च्या आपल्या पुस्तकात हवेची ही यंत्रणा नीट उलगडून बघितली. हवा धुतली जात होती, तिचं तापमानही सांभाळलं जात होतं, पण आर्द्रतेवर ताबा नव्हता. आज ज्याला वातानुकूलन म्हणतो त्यात तीच तर मुख्य गोष्ट. जॅक क्विनन यांचं 1987 चं पुस्तक तर मिथक आणि वस्तुस्थिती वेगळी करण्यासाठीच लिहिलेलं आहे. ते मिळवून वाचाच. ‘निर्माता सांगतो म्हणून खरं’ ही सवय मोडायला त्याच्याइतकं चांगलं पुस्तक मला तरी माहीत नाही.

पण माझं लक्ष अडकतं ते खुर्चीवर. राइट यांनी फर्निचरही स्वतःच आखलं, धातूचं. त्यात एक टेबल असं, की खुर्ची त्यालाच जोडलेली. तिला स्वतःचे पाय नाहीत, ती एका दांड्यावर फिरून टेबलाखाली जाते. कारण काय सांगतात? फरशी पुसायला सोपं. पटतंय ना? मलाही पटतं. आता त्या खुर्चीत बसून बघा. जरा मागे सरकायचंय, जमणार नाही. शेजारणीकडे खुर्ची ओढायचीय, तेही नाही. आणि त्यावर दिवसभर बसणाऱ्यांत मोठी संख्या बायकांची होती. फायलींची कपाटं भिंतीलगत आणि खिडक्या त्यांच्या वर, म्हणजे प्रकाश भरपूर, पण बसल्या जागेवरून बाहेर बघायची सोय नाही. नजर वर गेली तर सज्जांच्या कठड्यांवर कोरलेले शब्द: बुद्धी, उत्साह, नियंत्रण. तीन-तीनच्या गटांत असे बरेच.

इथे एक प्रतिवाद येतो, आणि तो हलका नाही. चौकाच्या तळाशी वरिष्ठ अधिकारीही कारकुनांसोबत, आडभिंतींशिवाय बसायचे. म्हणून कित्येक जण ही इमारत लोकशाहीवादी ठरवतात. त्या काळच्या काजळलेल्या, अंधाऱ्या कचेऱ्यांपुढे स्वच्छ हवा, उजेड, वरच्या मजल्यावर जेवणघर हे खरंच सुख होतं, ते नाकारून चालणार नाही. (‘सगळी सत्तेची चाल’ असं लिहून मोकळं होणारे शोधनिबंध मलाही कंटाळवाणे वाटतात.) तरी सगळे सगळ्यांना दिसतात, याचा अर्थ दोघांसाठी सारखा नसतो. साहेबाला दिसणं म्हणजे वट. कारकून बाईला दिसणं म्हणजे हजेरी.

आता पुराव्याची अडचण. धंदा खालावला, कर थकला, 1945 मध्ये इमारत शहराच्या ताब्यात गेली आणि 1950 मध्ये पाडली. त्यामुळे आपल्यापुढे उरतात आराखडे, आठवणी आणि छायाचित्रं. चौकाचं सगळ्यात गाजलेलं दृश्य उंचावरून घेतलेलं आहे: खाली ओळीने टेबलं, त्यावर झुकलेली डोकी. इमारतीवरचं लेखनही बहुतेक त्याच उंचीवरून होतं. म्हणून छायाचित्र हाती आलं की ‘काय दिसतंय’च्या आधी ‘कॅमेरा कुठे ठेवलाय, आणि तिथे उभं राहायची परवानगी कुणाला होती’ हे विचारा. उद्या तुम्ही फोर्टातलं, जॉर्ज विटेट यांनी आखलेलं बॉम्बे हाउस घेतलंत, तरी दर्शनी दगडावर चार पानं लिहिण्याआधी शिपाई कुठे बसायचा, हे आराखड्यात शोधा.

लार्किनच्या जागी आज कुंपणाचा विटांचा एक खांब उभा आहे. टेबलं-खुर्च्यांपैकी काही संग्रहालयांत आहेत, काचेपलीकडे. त्यावर बसता येत नाही.