पाखरांचा नव्हे, इलेक्ट्रॉनांचा

मालेगाव तालुक्यातील (जि. वाशिम) किन्हीराजा येथे नववीच्या मुलांना आम्ही एक ध्वनिमुद्रण ऐकवले. हे काय असेल, एवढेच विचारले. "पाखरं हायेत सर, पहाटची!" असे उत्तर आले. मुद्रण होते व्हॅन ॲलन प्रोब्ज या जोडउपग्रहांनी सप्टेंबर २०१२ मध्ये टिपलेल्या 'कोरस' लहरींचे. उत्तर चुकले, पण 'पहाटची' हा शब्द मात्र अचूक होता. या लहरी मध्यरात्रीनंतर, पृथ्वीच्या पहाटेकडील बाजूस अधिक आढळतात.

मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, तिथे हवाच नाही तर आवाज कसा? अशा मुद्रणांसोबत 'अवकाशाचा आवाज', 'पृथ्वीचे गाणे' असे मथळे फिरतात. त्यांत या प्रश्नाला उत्तर नसते. आमचा आक्षेप तोच आहे. उपग्रहाने ऐकले काहीच नाही. त्याने विद्युत्‌चुंबकीय लहरी मोजल्या. त्यांची वारंवारता योगायोगाने आपल्या कानाच्या टप्प्यातली असल्याने तोच संकेत ध्वनिक्षेपकाला जोडता येतो.

योगायोग म्हटले खरे, पण त्यामागे गणित आहे आणि ते फळ्यावर करता येते. विषुववृत्तावर भूचुंबकीय क्षेत्र सुमारे ३०,००० नॅनोटेस्ला. पृथ्वीच्या केंद्रापासून पाच त्रिज्या अंतरावर ते १२५ पटींनी घटून २४० उरते. संथ इलेक्ट्रॉन दर नॅनोटेस्लामागे सेकंदाला २८ फेऱ्या मारतो, म्हणजे तेथे सुमारे ६,७०० फेऱ्या. कोरसची वारंवारता साधारणपणे याहून कमी, काही शे ते काही हजार हर्ट्‌झ असते. मात्र समोरून येणाऱ्या इलेक्ट्रॉनाला ती वाढलेली भासते, जवळ येणाऱ्या गाडीच्या भोंग्यासारखी. ती त्याच्या फेऱ्यांशी जुळली की लहर आणि इलेक्ट्रॉन यांच्यात ऊर्जेची देवघेव होते. काही इलेक्ट्रॉन वातावरणात कोसळतात आणि ध्रुवीय प्रकाश लुकलुकतो. काही इतके वेगवान होतात की उपग्रहांच्या यंत्रणेला धोका पोचतो. पुस्तकातले शांत 'चुंबकीय कवच' प्रत्यक्षात असे गजबजलेले आहे. (चुंबकीय क्षेत्र स्वतः इलेक्ट्रॉनाची ऊर्जा वाढवत नाही, फक्त त्याला वळवते. ऊर्जा देते ते लहरीतले विद्युत क्षेत्र. हे वर्गात सांगायचे राहून जाते.)

२०२२ साली युरोपीय अवकाश संस्थेने 'पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आवाज' प्रसिद्ध केला. तो स्वार्म उपग्रहांच्या आकड्यांवरून संगीतकाराच्या मदतीने रचलेला होता. रचना म्हणून तो ऐकावाच. पण कोरसच्या मुद्रणात संकेताची वारंवारता तशीच राहते आणि येथे स्वर माणसाने निवडले आहेत. दोन्ही एकाच दमात वाजवले, तर यातला फरक मुलांना कळणार नाही. आम्ही प्रथम तसेच केले होते.

शाळेच्या गच्चीवर तार बांधली तर कोरस ऐकू येईल का, असे एका मुलीने विचारले. नाही. किन्हीराजावरून जाणारी चुंबकीय बलरेषा जेमतेम तीनशे किलोमीटर उंच चढून परत खाली येते. कोरसचा मुलूख त्याहून फार दूर आहे. त्या तारेवर ऐकू येईल ती विजांची तडतड. तीसुद्धा विद्युत्‌चुंबकीय लहरींचीच, आणि कधी कधी तर ढग आपल्या क्षितिजापलीकडे असतानाही.