चाळणी बारीक केली, पण पेरणीनंतरचं काय?



तुम्ही पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करत असाल, तर हे वाक्य कुठल्या ना कुठल्या सेमिनारमध्ये नक्की ऐकलं असेल: ‘प्रवेशाचा दर्जा वाढवा, गळती आपोआप कमी होईल.’ ऐकायला अगदी पटतं. आज आपण या वाक्याचीच तपासणी करू. उद्या तुम्ही संशोधक होणार आहात, आणि पटणारी वाक्यं तपासून बघणं हेच आपलं काम आहे.

आधी नियम काय सांगतात ते बघू. यूजीसीचे पीएचडीचे सध्याचे नियम नोव्हेंबर 2022 मध्ये आले. त्यात प्रवेश परीक्षेचा निम्मा भाग संशोधन पद्धतीवर आणि निम्मा विषयावर ठेवला होता, पात्रतेसाठी 50 टक्के गुण, आणि निवडीत लेखीला 70 व मुलाखतीला 30 टक्के वजन. मग मार्च 2024 मध्ये यूजीसीने जाहीर केलं की विद्यापीठांनी स्वतःच्या परीक्षेऐवजी नेटचे गुण वापरावेत. म्हणजे ‘पेट’च्या जागी नेट. ज्यांना जेआरएफ नाही त्यांच्यासाठी नेटचे 70 आणि मुलाखतीचे 30.

माझा पहिला आक्षेप इथेच आहे. आपण विज्ञानवाले सीएसआयआर-नेट देतो. त्यात भाग ‘अ’ सामान्य बुद्धिमत्तेचा, बाकीचे दोन भाग विषयाचे, आणि सगळे प्रश्न पर्याय निवडायचे. संशोधन पद्धतीसाठी राखलेला निम्मा वाटा तिथे नाही. परीक्षा अवघड झाली हे खरं, पण संशोधनासाठी जे लागतं ते ती जास्त चांगलं मोजते का, हा वेगळा प्रश्न आहे. अवघड परीक्षा आणि योग्य परीक्षा या दोन गोष्टी एक नाहीत. शिवाय पहिल्याच वर्षी काय झालं ते आठवा. 18 जून 2024 ला झालेली यूजीसी-नेट दुसऱ्याच दिवशी रद्द झाली, सीएसआयआर-नेट पुढे ढकलली गेली. सगळी दारं एकाच किल्लीला जोडली, की किल्ली हरवल्यावर सगळेच बाहेर राहतात.

टक्केवारीचा खेळ

आता मुख्य मुद्दा. एक काल्पनिक विभाग घ्या. 100 जणांना प्रवेश दिला, त्यातले 40 मध्येच सोडून गेले. गळती 40 टक्के. या 100 पैकी कमी गुणांचे 50, त्यातले 25 गेले. जास्त गुणांचे 50, त्यातले 15 गेले.

पुढच्या वर्षी विभागाने कट-ऑफ वाढवला आणि फक्त जास्त गुणवाले 50 घेतले. त्यातले 15 गेले. गळती 30 टक्के! अहवालात लिहिता येईल की एका वर्षात गळती दहा टक्क्यांनी उतरली.

पण झालं काय? मार्गदर्शक तेच, प्रयोगशाळा तीच, फेलोशिपचा उशीर तोच. एकाही विद्यार्थ्याला जास्त मदत मिळाली नाही. पीएचडी पूर्ण करणारे 60 वरून 35 वर आले. कमी गुणांचे जे 25 जण पूर्ण करू शकले असते, ते दारातूनच परत गेले आणि कुठल्याच तक्त्यात दिसत नाहीत. रिकाम्या 50 जागांवर तेवढेच तयार विद्यार्थी मिळाले असते तर गोष्ट वेगळी. पण जिथे जागा रिकाम्या राहतात, तिथे फक्त भाजक बदललेला असतो. म्हणून टक्केवारी दिसली की आधी विचारा: छेदात कोण आहे, आणि कालपर्यंत कोण होतं?

मग गुणांना अर्थच नाही का?

उलट्या बाजूनेही घाई नको. अमेरिकेत जीआरई परीक्षेवर हाच वाद झाला. 2017 मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये दोन अभ्यास आले, एक व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा आणि एक नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचा. जैववैद्यकीय विषयांत पीएचडीतलं यश जीआरईच्या गुणांवरून सांगता येत नाही, असा दोन्हींचा सूर होता. 2019 मध्ये भौतिकशास्त्राबद्दल तसाच एक निबंध ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये आला. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात त्यावर आक्षेप छापला गेला: तुम्ही फक्त प्रवेश मिळालेलेच विद्यार्थी मोजलेत!

हा आक्षेप समजून घ्यायला जालन्याच्या माणसाला अमेरिकेत जायची गरज नाही. जालना हे बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथे महिको सुरू केली आणि 1998 मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. समजा, बियाणं बारीक चाळणीतून काढलं आणि सगळे दाणे जवळपास एकाच आकाराचे घेतले. शेतात पेरल्यावर कुठे दाट उगवलं, कुठे विरळ. फरक जमिनीचा आणि ओलीचा. हे बघून कोणी म्हणालं, ‘दाण्याच्या आकाराला काही अर्थ नसतो,’ तर ते चूक. आकारातला फरक तुम्ही आधीच चाळून टाकलात, तो दिसणार कसा? संख्याशास्त्रात याला विस्तार-मर्यादा म्हणता येईल. गुण निरुपयोगी आहेत असं यावरून ठरत नाही. पण चाळणीनंतरचा फरक शेतात ठरतो, एवढं मात्र नक्की.

शेतात काय होतं?

गळतीच्या संशोधनात विन्सेंट टिंटो यांचं 1975 चं प्रतिमान सगळे उद्धृत करतात. विद्यार्थी संस्थेच्या शैक्षणिक आणि सामाजिक जीवनात किती मिसळतो यावर त्याचं टिकणं अवलंबून, असा त्याचा गाभा. तुमच्या प्रबंधात ते डोळे झाकून उचलू नका. 1985 मध्ये बीन आणि मेट्झनर यांनी दाखवलं की जे घरून ये-जा करतात, नोकरी करतात, ज्यांच्यावर घराची जबाबदारी आहे, त्यांच्या बाबतीत संस्थेबाहेरची कारणं जास्त वजनदार ठरतात: पैसा, कामाचे तास, कुटुंब.

जालना जिल्ह्याचं चित्र या दुसऱ्या वर्णनाशी जुळतं. आपण डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतो, आणि विद्यापीठ छत्रपती संभाजीनगरला, जालन्यापासून साधारण साठ किलोमीटर. मंठा, परतूर, भोकरदनच्या पोरांना त्याहून लांब. माझ्याबरोबर कोर्सवर्क केलेला एक मित्र असाच दुरून यायचा. प्रवेशाच्या यादीत तो माझ्या वर होता. दोन वर्षांनी त्याने सोडलं. फेलोशिप नव्हती, सॅम्पल तपासायला महिनोनमहिने नंबर लागायचा, आणि सकाळी तो एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचा. कट-ऑफ आणखी दहाने वाढवला असता तरी तो आत आलाच असता, आणि गेलाही असता. त्याचं जाणं कुठल्या परीक्षेने थांबवलं असतं, सांगा बरं?

याच मातीत वेगळा विचार पूर्वी झालेला आहे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं, तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. 1950 मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभं राहिलं, त्याच्यासोबत वसतिगृहंही. तिथे ‘हा विद्यार्थी आपल्या लायक आहे का’ एवढाच प्रश्न नव्हता. ‘याला टिकवण्यासाठी आपण काय उभं करायचं’ हाही होता.

2022 च्या नियमांना त्यांचं श्रेय द्यायला हवं. दर सत्राला सल्लागार समितीसमोर प्रगती मांडायची, महिलांना दोन वर्षांची जादा मुदत, 240 दिवसांपर्यंत मातृत्व रजा, प्राध्यापकाकडे 8, सहयोगीकडे 6 आणि सहायककडे 4 च संशोधक. ही सगळी टिकवण्याची हत्यारं आहेत. पण नेटचा निकाल पेपरात छापून येतो, समितीची बैठक खरंच झाली की नुसत्या सह्या झाल्या, हे कुठेच छापून येत नाही.

म्हणून प्रवेश घेण्याआधी

नेटचा अभ्यास जोरात करा, त्याला पर्याय नाही. पण मुलाखतीला जाल तेव्हा तिथल्या सीनियरना चहाला बाहेर काढा आणि चार गोष्टी विचारा. या मार्गदर्शकांकडे गेल्या पाच वर्षांत किती जण आले, किती पूर्ण झाले, किती गेले? गेलेले का गेले? फेलोशिप नसलेला विद्यार्थी इथे कसा जगतो? समिती शेवटची कधी भेटली?

विद्यापीठ तुमचे गुण तपासणारच आहे. तुम्हीही त्याचे तपासा. आणि उद्या तुमच्यापैकी कोणी मार्गदर्शक झालं, तर सोडून गेलेल्यांची यादीही ठेवा. फोन करून कारण विचारा. खरा डेटा तिथेच आहे.