गाणे आत, गाणारा कुठे?

१९७२ साली आपण 'पँथर' हे नाव अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतले. त्यांच्या कविता वाचल्या, आत्मचरित्रे वाचली. त्यांच्या चर्चमधल्या गाण्याकडे मात्र आपण फिरकलो नाही. देवाधर्माचे म्हणून सोडून दिले असावे. मीही सोडले होते.

क्लॅरन्स रिव्हर्स हा कॅथलिक धर्मगुरू आणि गीतरचनाकार. जन्म १९३१, अलाबामातील सेल्मा. १९५६ मध्ये सिनसिनाटी धर्मप्रांतात दीक्षा मिळालेला तो पहिला काळा धर्मगुरू. तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये होई. व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषांना वाट दिली आणि १९६४ मध्ये सेंट लुईसच्या इंग्रजी मिस्सेत रिव्हर्सचे 'गॉड इज लव्ह' गायले गेले. ग्रेगोरियन गायनाची संथ ओळ आणि गुलामांच्या 'स्पिरिच्युअल' गीतांची लय त्याने एका गळ्यात आणली.

पण मला त्याचे 'सोलफुल वर्शिप' (१९७४) हे पुस्तक अधिक मोलाचे वाटते. भावना ही बुद्धीची वैरीण नव्हे, अंग हलवून, हाकेला ओ देत गाणे हीही जाणण्याची रीत आहे, असा त्याचा रोख आहे. हे वाचताना मी खाली मान घातली. माझी आई भीमजयंतीला उभ्या गळ्याने गायची. घरातला पहिला पदवीधर झालो आणि तिला म्हणू लागलो, "आई, जरा हळू." भीमगीतांना 'प्रचारी आरडाओरड' म्हणणारे समीक्षक मी वर्गात शिकवतो, त्यांची अभिरुची मी घरापर्यंत नेली होती.

तरीही रिव्हर्सशी माझे भांडण आहे. 'गॉड इज लव्ह'चे धृपद योहानाच्या पत्रातून आले आहे. त्यात प्रेम आहे, चाबकाचा वळ नाही. गाण्याला उभे राहून टाळ्या वाजवणाऱ्या चर्चला त्याने काही चुकते करायला लावले काय? १९६८ साली काळ्या कॅथलिक धर्मगुरूंनीच डेट्रॉइटमध्ये जमून आपल्या चर्चला गोऱ्यांची वंशवादी संस्था म्हटले, म्हणजे गाण्याने दार पुरते उघडले नव्हते. चोखोबाचा अभंगही वारीत चालला. चोखोबा पायरीशीच राहिला.

रिव्हर्स २००४ मध्ये वारला. यंदाच्या जयंतीला मी आईला पुढे बसवले. दम लागतो म्हणून तिने दोनच कडवी म्हटली.