'मालक' कोण? : स्त्रीश्रमाच्या संशोधनातील एक शब्दप्रश्न

स्त्री-पुरुषांमधील श्रमविभागणीविषयी समाजशास्त्रात जे लेखन झाले, त्यात आकडे कसे जमविले याची चर्चा विपुल आहे. माहिती कोणत्या शब्दांत विचारली याची त्या मानाने फारच थोडी. ही उणीव केवळ तांत्रिक नव्हे. निलंगा तालुक्यातील एखाद्या गावी प्रश्नावली घेऊन गेलेल्या अभ्यासकाने 'शेताचे मालक कोण?' असे विचारावे आणि 'मालक बाजाराला गेलेत' असे उत्तर यावे, हा सहज घडणारा प्रकार होय. हे उत्तर पतीविषयी असते, सातबाऱ्याविषयी नसते. ग्रामीण मराठीत 'मालक' आणि 'कारभारी' हे दोन्ही शब्द पतीचे वाचक आहेत. जमीन सासऱ्याच्या नावे असो, दिराच्या असो, की क्वचित त्या बाईच्या स्वत:च्या नावे असो, प्रश्नावलीत नोंद एकाच प्रकारची होण्याचा संभव राहतो. जमीनधारणा हाच निकष मानणाऱ्या २०१९ सालापासूनच्या किसान सन्मान योजनेसारख्या योजना पाहिल्या, म्हणजे या संदिग्धतेचे मोल कोणास द्यावे लागते ते ध्यानात येते.

'काम' या शब्दाची कथा याहून निराळी नाही. 'काम करता का?' या प्रश्नास 'नाही, घरीच असते' असे सांगणारी बाई पहाटे शेण काढून, पाणी भरून, दुपारी स्वत:च्या रानात खुरपून आलेली असते. रोजाने दुसऱ्याच्या रानात गेली तरच ते तिच्या लेखी 'काम'. १९६१ च्या जनगणनेने हंगामाच्या बहुतेक काळात रोज एखादा तास शेतात राबणाऱ्या व्यक्तीसही श्रमिक मानले. १९७१ मध्ये 'मुख्य व्यवसाय' विचारला गेला आणि देशातील श्रमिक स्त्रियांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. दहा वर्षांत निम्म्या बायकांनी खुरपे खाली ठेवले असे कोणीही म्हणणार नाही. बदलला तो प्रश्न. २०१९ च्या राष्ट्रीय कालविनियोग पाहणीने हा शब्दच टाळला आणि आदल्या दिवशीच्या पहाटे चारपासून अर्ध्या-अर्ध्या तासाचा हिशेब विचारला. घरातील बिनमोली कामे करणाऱ्यांमध्ये स्त्रियांचा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे व पुरुषांचा ९७ मिनिटे भरला. पद्धती म्हणून हे पाऊल स्तुत्य आहे. तथापि जेथे श्रमाचे मापच जोडीने होते, तेथे मिनिटांचा हिशेब पुरा पडत नाही.

याचे ठळक उदाहरण 'कोयता' हे होय. मराठवाड्यातून ऊसतोडीस जाणाऱ्या टोळीत कोयता म्हणजे हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस 'अर्धा कोयता' ठरतो. मुकादमाची उचल सामान्यत: पुरुषाच्या हाती पडते व फेडीचे श्रम दोघांच्या अंगावर येतात. यान ब्रेमन यांनी १९७८ मध्ये बारडोलीच्या ऊसतोडीविषयी लिहिताना या घटकाची दखल घेतली आहे. परंतु अशा लेखनात हा शब्द एक स्थानिक परिभाषा म्हणून येतो आणि समजावून सांगितला की मागे पडतो. वस्तुत: एका हत्याराच्या नावात दोन माणसे बसविली की दुसऱ्या माणसाची मजुरी वेगळी मागण्यास व्याकरणातच जागा उरत नाही. निलंग्याकडे सोयाबीनची काढणी 'गुत्त्याने' दिली जाते, तेथेही पुष्कळदा हेच घडते. (हा शब्द कन्नडातील 'गुत्तिगे'शी नाते सांगतो, १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात असलेल्या तालुक्यात याचे नवल नाही.)

इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या आप्तसंबंधविषयक ग्रंथात शब्दांना पुराव्याचा मान दिला, हे त्यांचे मोठे ऋण आहे. मात्र त्यांचे आप्तशब्द विवाहनियमांपर्यंत पोहोचवितात, श्रमापर्यंत नाही. तो त्यांचा विषयही नव्हता. या भागात सून सासूला 'आत्या' आणि सासऱ्याला 'मामा' म्हणते. मामाच्या घरी केलेल्या कष्टांचा हिशेब कोण मागेल? संबोधनाने श्रमसंबंधाला नात्याचे पांघरूण मिळते. लीला दुबे यांनी १९८६ मध्ये बीज आणि क्षेत्र या रूपकाची जी चिकित्सा केली, ती येथे अधिक उपयोगी पडते. पुरुष बीज, स्त्री भूमी, आणि पिकावर हक्क बीजवाल्याचा, ही रचना त्यांनी उघडी केली. तिला एक पुस्ती जोडावी लागेल : तिफणीमागे चालत चाड्यात बी सोडणारी मूठ पुष्कळदा बाईचीच असे.

राजकारणाविषयीच्या अभ्यासात भाषेची ही उपेक्षा अधिकच खटकते. 'पाटलीण' म्हणजे पाटलाची बायको. पदाचा मान आहे, अधिकार नाही. 'सरपंचपती' हा अलीकडचा शब्द याची उलटी आकृती नव्हे, कारण येथे पद बायकोचे असून अधिकार नवऱ्याकडे गेलेला असतो. महाराष्ट्रात २०११ मध्ये स्थानिक संस्थांतील स्त्रियांचे आरक्षण निम्मे झाले, त्यावरील लेखनात हा शब्द थट्टेने वापरला जातो, तपासला जात नाही. निलंगेकर घराण्यातील रूपाताई पाटील २००४ मध्ये भारतीय जनता पक्षातर्फे लातूरमधून लोकसभेवर निवडून आल्या. त्यांचे सासरे, माजी मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर, काँग्रेसचे पुढारी होते. 'घराण्याची सून' एवढ्या नोंदीने हा निकाल कसा उलगडावा? घराण्यातील पुरुष पुढे आला तर त्यास 'वारस' म्हणतात, आणि वारसाला निदान स्वत:चे राजकारण असू शकते हे गृहीत धरले जाते. स्त्री उमेदवारांच्या मुलाखती घेताना घराण्याचा प्रश्न पहिला आणि पक्षाचा नंतर, हा क्रम अभ्यासकांनी कोठून घेतला, हे त्यांच्या प्रश्नावल्या एकदा शेजारी-शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे.